एकाग्रता आणि एकनिष्ठा

ज्या घरांत एखादें गुणी मूल वाढत असतें त्या घरांत आनंदाबरोबर एक काळजीही वाढत असते. अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलाविषयीं आईबापांस जी चिंता वाटते तिच्याविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें आहे. परंतु ज्याला एकाहून अधिक गोष्टी उत्तम साधतात अशा मुलाविषयींची चिंता निराळ्या जातीची आहे, आणि तिचा विचार त्या मानानें थोडा झाला आहे. चौदा-पंधरा वर्षांची एखादी मुलगी पियानो वाजविते आणि व्हायोलिनही वाजविते. दोन्ही वाद्यांवर तिचा हात असा चालतो कीं दोन्ही शिक्षक तिला आपापली शिष्या म्हणून मिरवितात. दोन्हीकडून बक्षिसें घरीं येतात. मग एके दिवशीं कोणी वडीलधारें माणूस तो प्रश्न विचारतेंच : "यांतलें खरें कोणतें? आतां एक काय तें ठरवायला नको का?" प्रश्न प्रेमानेंच विचारलेला असतो. मुलगी गप्प बसते, आईबाप एकमेकांकडे पाहतात, आणि त्या दिवसापासून घरांतील दोन वाद्यें एकमेकांच्या सवती होऊन बसतात.

हा प्रश्न दिसावयास व्यवहाराचा आहे. पण मुळांत तो नीतीचा आहे असें आम्हांस वाटतें. कलेचें ऋण एकनिष्ठेनेंच फिटतें काय? ज्याला दोन देणग्या मिळाल्या त्यानें त्यांपैकीं एकीचा त्याग करणें हें त्याचें कर्तव्य ठरतें काय? आणि ठरत असेल, तर तो त्याग कोणीं व केव्हां ठरवावा? या तीन प्रश्नांची उत्तरें सरसकट एकच असतात असें समजून चालल्यामुळें या विषयांत पुष्कळ घोटाळा झाला आहे. तो थोडासा उकलावा एवढाच या लेखाचा हेतु.

विवेचन अधांतरीं राहूं नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण समोर ठेवूं. यूलिया फिशर ही जर्मन वादिका १९८३ सालीं म्यूनिक शहरीं जन्मली. चौथें वर्ष पुरें होण्याच्या आधींच तिच्या हातीं व्हायोलिन आलें, आणि थोड्याच महिन्यांनीं पियानोचे धडे सुरू झाले. ते धडे देणारी तिची आईच होती, कारण पियानो शिकविणें हा आईचा व्यवसाय होता. नवव्या वर्षीं म्यूनिकच्या संगीत विद्यालयांत आना चुमाचेंको या नामांकित शिक्षिकेच्या हाताखालीं तिचें व्हायोलिनचें शिक्षण सुरू झालें. १९९५ सालीं यहूदी मेन्यूहिन यांच्या नांवानें चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत ती विजयी झाली. या सर्व काळांत पियानो सुटला नव्हता. पियानोच्या स्पर्धांतही तिनें पारितोषिकें मिळविलीं. २००६ सालीं फ्रांकफुर्टच्या संगीत विद्यालयांत ती प्राध्यापक झाली, आणि १ जानेवारी २००८ या दिवशीं त्याच शहरांतील 'आल्टे ओपर' नांवाच्या सभागृहांत तिनें असें कांहीं केलें कीं ज्याला संगीताच्या इतिहासांत जोड शोधावी लागेल. पूर्वार्धांत तिनें सां-सांस यांचा व्हायोलिनचा तिसरा कॉन्चेर्टो वाजविला, आणि मध्यंतरानंतर त्याच वाद्यवृंदासमोर पियानोवर बसून ग्रीग यांचा कॉन्चेर्टो वाजविला. कॉन्चेर्टो म्हणजे एका वादकानें सबंध वाद्यवृंदाच्या साथींत वाजवावयाची मोठी रचना. या दोहोंपैकीं प्रत्येक रचना सुमारें अर्ध्या तासाची आहे, आणि एकीनेंच वादकाची सर्व शक्ति खर्चीं पडते. ती त्या वेळीं चोवीस वर्षांची होती.

या घटनेनें पूर्वपक्षाचें तोंड बंद झालें असें मात्र कोणी समजूं नये. एका असामान्य व्यक्तीस जें साधलें तें सर्वांस साधेल असें म्हणणें हा तर्कशास्त्रांतला अगदीं प्राथमिक दोष होय. आणि पूर्वपक्षाचें म्हणणें इतकें भक्कम आहे कीं त्याची मांडणी प्रामाणिकपणें झाली पाहिजे.

पूर्वपक्ष असा. आपल्या भाषेंत 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण उगाच रूढ झालेली नाहीं. कला ही मोठी मत्सरी देवता आहे. तिला अर्धें नैवेद्याचें ताट चालत नाहीं. शिवाय दिवसाचे तास मोजके आहेत. १९९३ सालीं एरिक्सन आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं बर्लिनच्या संगीत विद्यालयांतील व्हायोलिनवादकांच्या सरावाचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांच्या गणतीप्रमाणें अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटांतील वादकांनीं एकट्यानें केलेला सराव सरासरी ७,४१० तास भरला. त्याखालच्या चांगल्या गटाचा ५,३०१ तास, आणि पुढें संगीतशिक्षक होऊं इच्छिणाऱ्यांचा ३,४२० तास. याच निबंधांत आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आईबापांनीं विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे : मन लावून केलेला सराव दिवसाकाठीं सुमारें चार तासांपलीकडे नेणें थोर वादकांसही फारसें साधत नाहीं. म्हणजे शाळा, झोप आणि खेळ यांतून वांचलेल्या वेळाचा प्रश्न बाजूस ठेवला तरी, मनाच्या शक्तीलाच एक सीमा आहे. त्या चार तासांचे दोन वाटे केले कीं प्रत्येक वाद्याच्या पदरीं दोन तास पडतात. पलीकडच्या गल्लींतील मुलगी चारही तास एकाच व्हायोलिनला देत आहे. अठराव्या वर्षीं प्रवेशपरीक्षेच्या मंचावर या दोघी शेजारीशेजारीं उभ्या राहतील तेव्हां परीक्षक कोणाची किती वाद्यें हें विचारणार नाहीं. समोरचें वाद्य कसें वाजतें एवढेंच ऐकेल. दोन दरडींवर पाय ठेवणाराची गति काय होते हें सांगावयास नको.

हा हिशेब आम्ही खोटा मानीत नाहीं. मात्र तो जेथपर्यंत पोंचतो तेथेंच त्याला थांबविलें पाहिजे. २०१९ सालीं मॅकनमारा आणि मैत्रा या दोन संशोधिकांनीं हाच प्रयोग अमेरिकेंत अधिक काटेकोरपणें करून पाहिला. कमी प्रवीण असलेल्या वादकांचा सराव विसाव्या वर्षापर्यंत सुमारें सहा हजार तास भरला. पण चांगले आणि सर्वोत्तम हे दोन्ही गट अकरा हजारांच्या आसपास एकाच रांगेंत उभे असलेले आढळले. याचा अर्थ सरावाचे तास निरर्थक आहेत असा नव्हे. अर्थ इतकाच कीं तास माणसाला दारापर्यंत आणून सोडतात. आंत कोणाचें आसन कोठें मांडावयाचें हें केवळ तासांवरून ठरत नाहीं. तेव्हां 'दुसऱ्या वाद्याला दिलेला प्रत्येक तास हा पहिल्याची चोरी आहे' हें जें गृहीत धरलें जातें तें तपासून घेणें प्राप्त आहे.

आमच्या मतें येथील घोटाळ्याचें मूळ असें आहे कीं, एकाग्रता आणि एकनिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतों. एकाग्रता हा क्षणाचा गुण आहे. एकनिष्ठा हा आयुष्याचा. पहिलीशिवाय कोणतीच विद्या येत नाहीं. दुसरी असावी किंवा नसावी हें माणसामाणसावर अवलंबून आहे. मोठीं माणसें मुलापाशीं पहिलीच्या नांवानें दुसरीची मागणी करतात, आणि मुलाला वाटतें कीं आपण दोन वाद्यांवर प्रेम करतों म्हणजे आपल्या मनांत कांहीं तरी खोट आहे.

महाभारतांतील ज्या गोष्टीचा दाखला या प्रसंगीं हमखास दिला जातो तीच घेऊं. झाडावरील पक्ष्याचा नेम धरावयाचा असतां द्रोणाचार्यांनीं प्रत्येक शिष्याला काय दिसतें तें विचारलें, आणि अर्जुनाला पक्ष्याखेरीज दुसरें कांहींच दिसेना. एकाग्रतेचें यापरतें चांगलें उदाहरण नाहीं हें खरें. पण ज्या अर्जुनाची ही गोष्ट त्याचेंच एक नांव सव्यसाची आहे; दोन्ही हातांनीं तो सारख्याच सहजतेनें धनुष्य ओढी. इतकेंच नव्हे, तर इंद्रलोकीं अस्त्रविद्येसाठीं गेलेला हाच वीर चित्रसेन गंधर्वापाशीं गीत, वाद्य आणि नृत्य शिकून आला. पुढें अज्ञातवासाच्या वर्षांत गांडीव शमीच्या झाडावर ठेवावें लागलें, तेव्हां विराटाच्या घरीं बृहन्नडेला आसरा मिळवून दिला तो या दुसऱ्या विद्येनेंच. बाण सोडतांना त्याला नृत्य आठवलें नसेल, आणि उत्तरेला पदन्यास शिकवितांना धनुष्य आठवलें नसेल. एकाग्रतेनें एवढेंच मागितलें होतें. सबंध आयुष्यांत एकच विद्या असावी असें तिनें मागितलें नव्हतें.

आतां वाद्यांच्या स्वभावाकडे वळूं. कारण हा प्रश्न केवळ वेळाच्या वांटणीचा नसून प्रत्येक वाद्य मुलाला काय शिकवितें याचाही आहे. पियानोला ८८ पट्ट्या असतात आणि प्रत्येक स्वर कारागिरानें आधींच जुळवून ठेवलेला असतो. बोट पडलें कीं स्वर मिळाला. तो शोधावा लागत नाहीं. पण तो एकदां वाजला कीं त्याच क्षणापासून विझूं लागतो, आणि वाजविणारानें कितीही जीव ओतला तरी तो पुन्हां फुलवितां येत नाहीं. उलट व्हायोलिनला चार तारा. त्यावर पट्टी नाहीं आणि पडदाही नाहीं. प्रत्येक स्वर बोटानें आणि कानानें शोधून काढावा लागतो. पण सांपडलेला स्वर गज चालेतोंवर धरून ठेवतां येतो, वाढवितां येतो, मनुष्याच्या गळ्याप्रमाणें रडवितां येतो. पियानोवर एका वेळीं अनेक स्वर उभे करून सबंध रचनेचा सांगाडा दहा बोटांखालीं पाहतां येतो. व्हायोलिनवर बहुधा एकच रेघ, पण ती सजीव. आपल्या वाचकांस पेटी आणि सारंगी यांच्यांतील भेद परिचयाचा आहे. पेटीच्या ठरीव स्वरांवर आपल्या संगीतांत केवढा वाद झाला, आणि १९४० पासून कांहीं दशकें रेडिओनें तिला कशी बंदी केली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्या वादांत सत्य होतें. पण ज्यानें दोन्ही वाद्यें हातीं धरलीं त्याला तें सत्य वाद न करतां कळलें होतें. ठरीव स्वराच्या वाद्यानें त्याला रचना दाखविली, आणि मोकळ्या स्वराच्या वाद्यानें श्रुति दाखविली.

तात्पर्य, एका वाद्याची जी उणीव तीच दुसऱ्याची शिकवण आहे. म्हणूनच जर्मनींतील संगीत विद्यालयांत व्हायोलिन हा ज्याचा मुख्य विषय त्या विद्यार्थ्यालाही सामान्यतः पियानो दुय्यम विषय म्हणून शिकावा लागतो. हें औदार्य नसून व्यवहार आहे : साथीचा पियानो काय म्हणत आहे हें ज्याला कळत नाहीं तो आपली बाजू कितीही सफाईनें वाजवो, संभाषणांत तो बहिराच राहतो. बेल्जममधील आर्तूर ग्र्यूमियो (१९२१–१९८६) यांनीं बालपणींच शार्लरुआ येथील संगीत विद्यालयांत व्हायोलिन आणि पियानो या दोहोंतही पहिलें बक्षीस मिळविलें होतें. पुढें ते जगाला व्हायोलिनवादक म्हणून माहीत झाले. पण मोत्झार्ट आणि ब्राम्स यांच्या एकेका सोनाटाचें त्यांनीं असें ध्वनिमुद्रण केलें कीं व्हायोलिनही तेच वाजवीत आहेत आणि पियानोही तेच. ही करामत म्हणून कोणी ऐकेल. आम्हांस ती एका सबंध शिक्षणाची साक्ष वाटते. रुमानियाचे जॉर्ज एनेस्कू (१८८१–१९५५) हे व्हायोलिनवादक, पियानोवादक, रचनाकार आणि वाद्यवृंदाचे संचालक असे सर्व कांहीं होते. आणि मेन्यूहिन यांच्यासारखा एका वाद्याचा महापुरुष आपल्या या गुरूविषयीं जन्मभर कृतज्ञ राहिला.

हेंच सत्य आपल्या देशांत मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या घरीं आणखी स्पष्ट दिसतें. तरुणपणीं कलकत्त्यास त्यांनीं हातीं लागेल तें वाद्य शिकण्याचा सपाटा लावला होता. पाश्चात्य पद्धतीचें व्हायोलिन त्यांनीं लोबो नांवाच्या एका गोमंतकीय बँडमास्तरापाशीं शिकून घेतलें असें त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढें रामपूरच्या वजीर खाँपाशीं त्यांची साधना स्थिरावली आणि सरोद हें त्यांचें मुख्य वाद्य झालें. पण शिष्यांकडे पाहावें, तर अली अकबर सरोद वाजवीत, रविशंकर सतार, अन्नपूर्णादेवी सूरबहार आणि पन्नालाल घोष बासरी. एका गुरूपाशीं इतकीं वाद्यें कशीं शिकलीं गेलीं? कारण गुरु गाऊन शिकवीत. राग वाद्यांत नव्हता. वाद्य रागाच्या सेवेला होतें. अन्नपूर्णादेवींनीं मुंबईंत पुढें कित्येक वर्षें तीच परंपरा चालविली. सूरबहार वाजविणाऱ्या त्या विदुषीपाशीं हरिप्रसाद चौरसिया बासरीची विद्या घेऊन आले. निष्ठा जर कोठें असावयाची तर ती संगीताशीं, लांकडाशीं किंवा तारेशीं नव्हे, हें या घरानें दाखविलें. मात्र याच घरांत शिष्यांपैकीं प्रत्येकाचें एक मुख्य वाद्य ठरलेलें होतें, हेंही विसरून चालणार नाहीं. गुरूची व्याप्ति आणि शिष्याची बैठक या दोहोंचीही तेथें सोय होती.

येथवर आम्ही दुसऱ्या वाद्याचा पक्ष घेतला. आतां त्याच्याविरुद्ध जें खरोखर बोलावयास पाहिजे तें बोलूं. दोन वाद्यें वाजविण्याचीं कारणें सारखींच शुद्ध नसतात, आणि नीतीचा प्रश्न वाद्यांच्या संख्येंत नसून या कारणांत आहे.

पहिलें कारण पोटाचें. गोमंतकांत पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकविण्याची प्रथा होती. तेथून निघालेले वादक मुंबईस आले आणि हॉटेलांतील बँडांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनीं दोन पिढ्या गाजविल्या. बँडांत नोकरी टिकवावयाची तर एका वाद्यावर भागत नसे. व्हायोलिन खालीं ठेवून सॅक्सोफोन किंवा ट्रंपेट उचलावा लागे. या कारणास कोणी हीन म्हणेल तर त्यानें स्वतः उपाशीं राहून पाहावें. गरजेपोटीं शिकलेल्या दुसऱ्या वाद्यावरही त्या लोकांनीं कसूर केली नाहीं, आणि म्हणून त्यांच्याविषयीं आम्हांस आदरच वाटतो.

दुसरें कारण हौसेचें. पण हौस मुलाची नव्हे, आईबापांची. दिवाणखान्यांत पाहुणे बसले आहेत आणि मुलाला आधीं एक वाद्य व मग दुसरें वाजवावयास सांगितलें जात आहे, हें दृश्य कोणत्याही देशांत अपूर्व नाहीं. येथें दुसरें वाद्य हें संगीत नसून दागिना आहे. मुलाचा वेळ हा आईबापांच्या प्रतिष्ठेसाठीं खर्च करावयाचा पैसा नव्हे, एवढें सांगून आम्ही पुढें जातों.

तिसरें कारण सर्वांत सूक्ष्म, आणि तें मुलाच्याच मनांत असतें. प्रत्येक वाद्याच्या शिक्षणांत एक वैराण टप्पा येतो. सुरवातीची झपाट्याची प्रगति थांबलेली असते. तोच एक अवघड भाग महिनोगणती वाजवूनही हातीं येत नाहीं. शिक्षक समाधानी नसतात. अशा वेळीं शेजारच्या खोलींत दुसरें वाद्य वाट पाहत असतें, आणि त्यावर बोटें सहज चालतात. मूल तिकडे वळतें, आणि त्याला वाटतें कीं आपण सराव करीत आहों. वस्तुतः तें पळून गेलेलें असतें. दुसऱ्या वाद्यावर अडचण आली कीं तें पहिल्याकडे परततें. असें हेलपाटे घालणारें मूल दोन्ही वाद्यांवर पुष्कळ वाजवील, पण दोहोंपैकीं एकाही वाद्याच्या त्या वैराण टप्प्यापलीकडे जाणार नाहीं. 'भाराभर चिंध्या' ही म्हण आहे ती यांच्यासाठीं. यूलिया फिशर आणि असें मूल यांत फरक वाद्यांच्या संख्येचा नाहीं. दोघांचींही वाद्यें दोनच. फरक हा कीं एक जण दोन्ही वाद्यांचें देणें पुरतें देतो, आणि दुसरा एकाचें कर्ज चुकविण्यासाठीं दुसऱ्याच्या दारीं लपतो.

म्हणून आईबापांनीं विचारावयाचा प्रश्न 'यांतलें खरें कोणतें?' हा नव्हे. 'जें अवघड आहे त्याच्यापाशीं तूं बसतोस काय?' हा खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर होकारार्थी असेल तर दुसऱ्या वाद्याला भिण्याचें कारण नाहीं. नकारार्थी असेल तर एक वाद्य काढून घेतल्यानेंही कांहीं साधणार नाहीं. पळणारें मूल मग पळण्यासाठीं दुसरी वस्तु शोधील.

आतां राहिला शेवटचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न : निवड कोणीं व केव्हां करावी? येथें मोत्झार्टच्या घराकडे पाहणें उद्बोधक आहे. पिता लेओपोल्ड हा स्वतः व्हायोलिनचा मोठा जाणता. त्याचा व्हायोलिनवरील पाठ्यग्रंथ १७५६ सालीं, म्हणजे मुलाच्या जन्माच्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. मुलानें पियानोच्या जातीचीं वाद्यें आणि व्हायोलिन हीं दोन्ही बालपणींच हस्तगत केलीं, आणि साल्झबुर्गच्या दरबारीं त्याला व्हायोलिनवादक म्हणूनच चाकरी मिळाली. त्याच्या पांच व्हायोलिन कॉन्चेर्टोंपैकीं चार १७७५ सालचे आहेत. तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता. दोन वर्षांनीं तो प्रवासास निघाला तेव्हां व्हायोलिनची हेळसांड होऊं नये म्हणून पिता पत्रांतून पुनःपुन्हां बजावीत असे. पण मुलाचें मन दुसरीकडे ओढ घेत होतें. १७८१ सालीं दरबारची नोकरी सुटून तो व्हिएन्नांत स्थायिक झाला. १७८४ ते १७८६ या तीन वर्षांत त्यानें पियानोचे बारा कॉन्चेर्टो लिहिले, आणि व्हायोलिनचा एकही पुन्हां लिहिला नाहीं. निवड झाली. ती पित्याच्या इच्छेविरुद्ध झाली, पंचविसाव्या वर्षीं झाली, आणि ज्याचें आयुष्य त्यानेंच केली. शिवाय सोडलेली विद्या वायां गेली असेंही नव्हे. घरगुती बैठकींत हायडनसारख्या मित्रांबरोबर चौघांचें वादन होई तेव्हां मोत्झार्ट व्हिओला घेऊन बसे. आणि त्याच्या पंचवादनांत दोन व्हिओला जे बोलतात तें तंतुवाद्य हातांत धरलेल्या माणसालाच सुचावें असें आहे.

पण याच घरांत आणखी एक मूल होतें, त्याचीही आठवण ठेवली पाहिजे. थोरली बहीण मारिया आना १७५१ सालीं जन्मली. लहान भावाबरोबर तिनें युरोपभर दौरे केले, आणि तिच्या वादनाचीही वाहवा झाली. ती वयांत आली आणि दौरे संपले. १७६९ सालीं पितापुत्र इटलीस निघाले तेव्हां ती आईपाशीं घरीं राहिली. दोनांतलें कोणतें वाद्य, हा प्रश्न तिला कोणीं विचारला नाहीं. कारण तिच्या बाबतींत एकाही वाद्याचा प्रश्न शिल्लक ठेवलेला नव्हता. आपल्याकडील किती घरांत लग्न ठरेपर्यंत पेटी आणि लग्नानंतर पेटीवर कापड, असा क्रम चालत आला हें वाचकांनीं आठवून पाहावें. तेव्हां 'काय निवडूं?' या प्रश्नानें ज्या मुलाची झोप उडते त्याच्याविषयीं आम्हांस सहानुभूति वाटते. पण हा प्रश्न पडणें हेंही एक भाग्य आहे. तो प्रश्न मुलाच्या हातून काढून घेऊन आपणच सोडविणें म्हणजे तें भाग्य हिरावणें होय, मग काढून घेण्यामागें दंडेली असो कीं माया असो.

याचा अर्थ वडिलांनीं स्वस्थ बसावें असा नाहीं. मुलापासून हिशेब लपवूं नये. दिवसाचे तास, दोन शिक्षकांची फी, चांगल्या वाद्याची किंमत, प्रवेशपरीक्षेची तारीख, हें सर्व त्याच्यापुढें मोकळेपणानें मांडावें. पंधरा वर्षांच्या मुलाला तें समजतें. त्याच्या शरीराकडेही लक्ष ठेवावें. दोन वाद्यांचे ताण हाताच्या वेगवेगळ्या भागांवर पडतात, पण हात तेच असतात. रॉबर्ट शूमान यास पियानोवादक व्हावयाचें होतें; १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचें बोट कामांतून गेलें आणि तें स्वप्न संपलें. त्या दुखण्याचें कारण काय याविषयीं आजही एकमत नाहीं. पण दुखऱ्या बोटाकडे दुर्लक्ष करून सराव चालूं ठेवणाऱ्या प्रत्येक मुलानें ही हकीकत ऐकून ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचें, मुलानें कांहीं वेळ एकही वाद्य न वाजवितां घालवावा. ज्याचें बालपणच सरावाच्या वहींत जमा झालें त्याला पुढें वाजवून सांगण्यासारखें फारसें उरत नाहीं.

एवढें केल्यावर वाट पाहावी. बहुतेकांच्या आयुष्यांत निवडीचा दिवस येतोच. यूलिया फिशरसुद्धां त्या अपूर्व संध्याकाळीं दोन्ही वाद्यें वाजवून गेली, तरी जगाच्या व्यासपीठांवर ती मुख्यतः व्हायोलिन घेऊनच उभी राहत आली आहे. दोहोंचें वजन आयुष्यभर सारखें राहणें हा अपवाद. हळूहळू एक पारडें जड होणें हा नियम. पण पारडें आपोआप जड होणें वेगळें आणि दुसऱ्यानें त्यावर बोट ठेवणें वेगळें. जें मूल आपण होऊन एका वाद्याचा निरोप घेतें, तें त्या वाद्यानें दिलेला कान, दिलेला धीर आणि दिलेली नम्रता बरोबर घेऊन पुढें जातें. ज्याच्या हातून वाद्य काढून घेतलें जातें त्याच्या हातांत राहिलेल्या वाद्यांतही त्या दिवशींची खंत उतरते, आणि ती खंत पुढें कितीही तासांच्या सरावानें जात नाहीं. एकनिष्ठा ही मागून मिळणारी वस्तु नव्हे. ज्याला पुरेसा वेळ आणि पुरेसा विश्वास मिळाला त्याच्या ठिकाणीं ती आपोआप उपजते. आईबापांच्या हातीं आहे तो तेवढा वेळ आणि तेवढा विश्वास.